हवेच्या बोटीची गळती : दूधगंगाकाठच्या एका तरुण मंडळाचं प्रकरण

पार्श्वभूमी

निपाणी तालुक्यातलं, दूधगंगेच्या काठावरचं गाव. पावसाळा जोर धरतो तसे कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर, मलिकवाड-दत्तवाड हे बंधारे एकामागून एक पाण्याखाली जातात आणि पलीकडची शिवारं, मळ्यातल्या वस्त्या तुटतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये तर पाणी गावात शिरलं. २०२१ ला वेदगंगेने यमगर्णीजवळ पुणे-बंगळूर महामार्गही अडवला होता.

२०१९ च्या पुरानंतर इथल्या तरुण मंडळाने वर्गणी काढून एक वापरलेली हवेची बोट घेतली. लांबी ४.२ मीटर, नळीचा व्यास साधारण ४८ सेंटिमीटर, कापड ०.९ मिलिमीटर जाडीचं, पीव्हीसीचा थर दिलेलं पॉलिएस्टर. नळीचे तीन कप्पे : नाकाचा, डावा आणि उजवा. नाकाचा कप्पा आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये आतून एकेक पडदा. तळाला प्लायवूडच्या फळ्या, त्याखाली हवेचा कणा, मागे मोटर अडकवायची फळी. बोटीवरच्या पाटीवर नळीचा दाब ०.२५ बार आणि क्षमता आठ माणसं लिहिलेली.

२०२१ च्या पुरात या बोटीने माणसं, दुधाच्या किटल्या, वैरण असं सगळं वाहिलं. पाणी ओसरल्यावर ती घडी घालून एका जुन्या तंबाखूच्या वखारीत ठेवली गेली. पुढे लिहिलं आहे ते त्यानंतरच्या एका मे महिन्यातलं. गाव आणि माणसं ओळखू येतील असा तपशील गाळला आहे.

अडचण

मे महिन्यात बोट बाहेर काढून फूटपंपाने भरली. संध्याकाळी टणटणीत असलेली बोट सकाळी उजवीकडून लुळी पडलेली, नाकही मऊ. डावी बाजू बरी वाटत होती, पण तीही आदल्या दिवसाइतकी घट्ट नव्हती. त्यावरून ‘तिन्ही कप्पे गळतायत, बोट संपली’ असा निष्कर्ष निघाला आणि नवीन बोटीच्या वर्गणीची भाषा सुरू झाली.

उजव्या नळीवर आधीच्या दुरुस्त्यांच्या खुणा होत्या. एक ठिगळ सायकलच्या ट्यूबच्या सोल्यूशनने लावलेलं, एक चपलेच्या पिवळ्या गोंदाने, आणि व्हॉल्व्हच्या भोवती बाथरूमला लावतात ते सिलिकॉन थापलेलं. दोन्ही ठिगळांच्या कडा नखाने उचलता येत होत्या. हे होणारच होतं. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाचा तेलकट पदार्थ घातलेला असतो. तो हळूहळू पृष्ठभागावर येतो आणि ट्यूबचं सोल्यूशन किंवा चपलेचा गोंद आतून सैल करतो. पहिला आठवडा ठिगळ झकास दिसतं, मे महिन्याच्या उन्हात सुटतं.

आधी मोजमाप

मंडळातल्या एकाने पंक्चरच्या दुकानातून टायरचा गेज आणला. त्याचा काटा हललाच नाही. “मामा, तुमचा गेज बिघडलाय” म्हणून तो परत गेला, पण गेज ठीक होता. ०.२५ बार म्हणजे जेमतेम साडेतीन पीएसआय, आणि टायरचा गेज इतक्या कमी दाबाला काही दाखवत नाही.

मग गवंड्याची लेव्हलची पाइप कामाला आली. या प्रकरणातली ही सगळ्यात शहाणी आणि सगळ्यात स्वस्त गोष्ट. पारदर्शक पाइप यू आकारात वखारीच्या खांबाला बांधली, निम्मी पाण्याने भरली, पाण्यात चिमूटभर कुंकू टाकलं. एक टोक उघडं, दुसरं टोक पंपाच्या जुन्या जोडणीला. त्या जोडणीत मधोमध प्लास्टिकचा तुकडा बसवला, म्हणजे ती लावली की व्हॉल्व्हची दांडी दाबलेली राहते आणि कप्प्यातला दाब पाइपपर्यंत पोचतो. दोन बाजूंच्या पाण्याच्या उंचीत जेवढा फरक तेवढा दाब. ०.२५ बारला हा फरक २५५ सेंटिमीटर येतो, म्हणजे एका बाजूचं पाणी सुमारे सव्वाशे सेंटिमीटर खाली आणि दुसऱ्या बाजूचं तेवढंच वर. त्यामुळे यूची प्रत्येक बाजू पावणेतीन मीटर तरी हवी. एक सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ एक मिलीबार. विकतचा साधा गेज इतकं बारीक दाखवत नाही.

तिन्ही कप्पे संध्याकाळी सहाला २५५ वर आणले. ओसरीत तापमान ३४ अंश. सकाळी सहाला २४ अंश. डावा २१२, नाक ८३, उजवा ६१.

इथे पहिला उलगडा झाला. बंद कप्प्यातली हवा थंड झाली की गळती नसतानाही दाब उतरतो. गावाच्या उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब सुमारे ०.९५ बार, म्हणजे पाण्याच्या भाषेत ९६९ सेंटिमीटर. त्यात २५५ मिळवले तर एकूण १२२४. तापमान ३०७ केल्व्हिनवरून (सेल्सिअसच्या अंशांत २७३ मिळवले की केल्व्हिन) २९७ वर आलं, तर एकूण दाब होतो ११८४. त्यातून ९६९ वजा केले की उरतात २१५. डाव्या कप्प्यात २१२ होते, म्हणजे तो गळतच नव्हता. रात्रीच्या गारव्याने मऊ झाला होता. ‘तिन्ही कप्पे गळतात’ हे निदान इथेच बाद झालं.

उलट बाजूही याच हिशेबाने कळते. सकाळी २४ अंशांना २५५ वर भरलेली बोट दुपारी उन्हात टाकली आणि आतली हवा ४५ अंशांवर गेली, तर दाब ३४० च्या वर जातो. गडद रंगाची नळी याहूनही तापते. सांधे सुटायची सुरुवात पुष्कळदा पाण्यात न होता काठावर उन्हात पडल्या पडल्या होते.

गळती कुठे

भांड्याचा साबण एक भाग, पाणी दहा भाग, आणि रंगाचा चार इंची ब्रश. शेतातला फवारणीचा पंप वापरायची सूचना आली होती ती नाकारली, कारण त्यात औषधाचा अंश राहतो आणि तो चिकटवायच्या जागी नको.

उजव्या बाजूला फेस चार ठिकाणी आला. व्हॉल्व्हच्या मध्यभागी मोठे बुडबुडे, दोन्ही ठिगळांच्या कडांना मध्यम, आणि मागची फळी नळीला मिळते त्या कोपऱ्यात अगदी बारीक पांढरा फेस, तोही मिनिटभर थांबल्यावर. नळीवर कुठेतरी मोठं भोक असेल ही शंका यातून मिटली. भोक असतं तर बोट रात्रभर टिकलीच नसती. १ मिलिमीटरचं भोकही एवढा कप्पा अर्ध्या तासात मऊ करतं. रात्रभरात उतरणारी बोट म्हणजे अनेक बारीक झिरपे, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत.

एक जागा मात्र साबणाने दाखवली नाही, बोटांनी दाखवली. नळीच्या खालच्या अंगाला पीव्हीसीचा थर कुरतडून आतलं कापड उघडं पडलं होतं, रुपयाच्या नाण्याएवढं. उंदराचं काम. बोट घडी घातलेली असताना उंदीर घडीच्या कडेला कुरतडतो, त्यामुळे एक जखम सापडली की थांबायचं नसतं. हवा काढून बोट जुन्याच मुडप्यांवर पुन्हा दुमडली आणि त्या कडेने हाताचं बोट फिरवत नेलं, तर एकाच रेषेत आणखी तीन जागा मिळाल्या. त्यातून हवा थेट बाहेर येत नव्हती. पण उघड्या पडलेल्या कापडाचा भरवसा नसतो. हवा धाग्याधाग्याने सरकत जाऊन दुसरीकडेच, बहुधा जवळच्या सांध्याच्या कडेला, बाहेर पडते. फेस येतो तिथेच दोष असतो असं धरून ठिगळ लावणारे इथे फसतात.

आता नाक. दाब ८३ वर आला होता, म्हणजे गळती भरपूर. साबण लावून सगळी नळी दोनदा पाहिली, व्हॉल्व्हवर पाणी ओतून पाहिलं. एक बुडबुडा नाही. तेव्हा डावा आणि उजवा कप्पा पूर्ण रिकामा करून फक्त नाक २०० वर भरलं. पन्नास मिनिटांत ते १०० वर आलं आणि रिकामा उजवा कप्पा हळूहळू फुगू लागला. नाक आणि उजवी बाजू यांच्यामधला पडदाच हवा सोडत होता. रात्री उजवा कप्पा बाहेर गळत होता, नाक उजव्यात गळत होतं.

कारण नक्की सांगता येत नाही, पण एक गोष्ट चौकशीत पुढे आली. २०२१ च्या गडबडीत बोट ट्रॅक्टरच्या टायरला हवा भरतात त्या कॉम्प्रेसरने भरली होती, एकेक कप्पा पूर्ण करून. शेजारचा कप्पा रिकामा असताना एक कप्पा पूर्ण दाबावर नेला की सगळा ताण पडद्याच्या सांध्यावर येतो. सगळे कप्पे आधी निम्म्यावर आणायचे आणि मग फेरीफेरीने वाढवायचे, ही पद्धत त्यासाठीच आहे.

पर्याय

जुनी ठिगळं नव्या गोंदाने पुन्हा दाबायची, हा पर्याय मोजमापानंतर कोणी मांडला नाही.

गोव्याकडच्या किनाऱ्यावर बोटी दुरुस्त करणाऱ्याकडे पाठवणं सगळ्यात योग्य होतं, पण तिथून तारीख जुलैची मिळाली. जुलैत बोट गावात हवी.

बेळगावात ताडपत्र्या शिवणाऱ्या कारखान्यात गरम हवेने पीव्हीसी जोडतात, तिथे न्यायची कल्पना बराच वेळ चर्चेत राहिली. पीव्हीसी वितळवून जोडलेला सांधा गोंदापेक्षा भक्कम असतो हे खरं. पण ते यंत्र सपाट, दोन्ही बाजूंनी मोकळ्या कापडासाठी असतं. बंद नळीवर आतून आधार नाही. उष्णता थोडी जास्त झाली की आतले धागे आकसतात आणि कापडच नासतं. कारखानदाराने स्वतःच नको म्हटलं. त्याचा हा प्रामाणिकपणा मंडळाला बराच स्वस्तात पडला.

उरला चौथा : बोटीचंच कापड आणि दोन भागांचा पॉलियुरेथेन गोंद मागवून गावात काम करणं. बाहेरच्या गळत्यांसाठी हाच ठरला. पडद्याचा निर्णय वेगळा ठेवला, त्याकडे पुढे येऊ.

गोंद मागवण्याआधी कापडाची खात्री केली. हायपालॉन या कृत्रिम रबराच्या बोटींना निओप्रीनचा गोंद लागतो आणि पीव्हीसीला पॉलियुरेथेनचा. अदलाबदल चालत नाही. दोरीच्या कडीखालच्या लपलेल्या कोपऱ्यावर अॅसिटोनचा बोळा घासला, पृष्ठभाग चिकट झाला आणि बोळ्यावर रंग आला. पीव्हीसीच.

प्रत्यक्ष काम

*व्हॉल्व्ह.* दाबून फिरवायच्या दांडीचा, स्प्रिंगचा व्हॉल्व्ह. रबरी चकती टेकते त्या बसकीवर वाळू आणि तंबाखूची भुकटी, रबरी चकतीच्या कडेला बारीक खाच. नळी मऊ करून, आतला भाग कापडावरून एका हाताने धरून व्हॉल्व्हच्या पान्याने वरचा भाग सोडवला. नुसतं धुऊन चाललं नाही, खाच असलेली चकती बदलावीच लागली. सिलिकॉन कोणत्याही थिनरने विरघळत नाही. ते प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून, मग अॅसिटोनच्या बोळ्यांनी, दर वेळी नवा बोळा घेऊन काढलं. या एका कामाला बाकीच्या सगळ्या सफाईइतका वेळ गेला. गोंद लागणार त्या जागी सिलिकॉनचा अंश राहिला तर तिथे पुढे काहीच चिकटत नाही.

*जुनी ठिगळं.* हीटगन लांबून धरून कड मऊ केली आणि सावकाश सोलली. घाईने ओढलं की ठिगळाबरोबर बोटीचा वरचा थर निघतो.

*नवी ठिगळं.* जखमेच्या कडेपासून सगळीकडे किमान ५ सेंटिमीटर कापड यावं असं माप. नाण्याएवढ्या जखमेला १३ सेंटिमीटरचं गोल ठिगळ. दोन जखमा ६ सेंटिमीटरवर होत्या, तिथे दोन गोल एकमेकांवर चढवण्याऐवजी एकच लांबट अंडाकृती कापलं. कोपरा कुठेही ठेवला नाही, कारण ठिगळ कोपऱ्यापासून उचलतं. ट्रकची ताडपत्री किंवा फ्लेक्सचं कापड वापरलं नाही. ताडपत्रीवर लाखेसारखा लेप असतो आणि फ्लेक्स दाब पेलत नाही.

*गोंद.* डब्यावरच्या सूचनेप्रमाणे गोंदाच्या वजनाच्या ५ टक्के हार्डनर, म्हणजे गोंद कडक करणारा दुसरा भाग : ५० ग्रॅमला अडीच ग्रॅम. सोनाराच्या छोट्या काट्यावर मोजलं, अंदाजाने नाही. हार्डनर कमी पडला तर सांधा उन्हात सरकतो, जास्त झाला तर कडक होऊन तडकतो. हार्डनरच्या बाटलीत हवेतली ओल शिरली की तो गढूळ होतो. तसा दिसला तर फेकायचा. कालवलेला गोंद तासाभरातच घट्ट व्हायला लागतो, म्हणून एका वेळी दोन-तीन ठिगळांपुरताच कालवला. हातात मोजे, तोंडाला गोंदाची वाफ अडवणारा मास्क, दारं सताड उघडी आणि वखारीत विडी बंद. विड्या-तंबाखूच्या गावात हा नियम पाळून घ्यायला एक माणूस दारात बसवावा लागला.

बोट पूर्ण रिकामी, नळीखाली सपाट फळी. जागेभोवती मास्किंग टेप. अॅसिटोनने पुसून सुकवलं. पॉलिश पेपर अगदी हलका फिरवला. पीव्हीसीला चकाकी जाण्यापुरताच लागतो, धागे दिसेपर्यंत नाही. मग दोन्ही बाजूंना गोंदाचा पातळ हात, पंधरा मिनिटं वाट. दुसरा पातळ हात, आणि हाताचं बोट लावल्यावर चिकटतं पण गोंद बोटाला येत नाही अशा अवस्थेत ठिगळ टेकवलं. मधून सुरुवात करून कडांकडे, लाकडी रोलरने, सगळा भार देऊन. कडेने चमच्याच्या पाठीने पुन्हा. जाड एकच हात दिला असता तर वरची साय धरून आतलं थिनर अडकलं असतं आणि दुपारी तापल्यावर ठिगळाखाली फोड आले असते.

*बिघडलेलं ठिगळ.* लांबट ठिगळ पहिल्या दिवशी संध्याकाळी पाचला लावलं. वळीव येणार हे दिसत होतं, वारा पडला होता, पण दिवसाचं काम त्याच दिवशी उरकायचं होतं. गोंदाचा दुसरा हात सुकताना त्यावर पांढरट धुकं आलं. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतली ओल त्यावर बसते. ती ओल आणि हार्डनर एकमेकांना खातात. तिथे थांबून गोंद पुसायला हवा होता. तसंच ठिगळ दाबलं आणि दुसऱ्या दिवशी ते कडेने बोटाने सुटलं. सगळं काढून, घासून, पुन्हा करावं लागलं. त्यानंतर काम सकाळी नऊ ते अकरा एवढंच ठेवलं : रात्रीची ओल उडालेली, ऊन अजून डोक्यावर नाही.

फळीच्या कोपऱ्यातल्या बारीक झिरप्याला ठिगळ बसत नव्हतं. तिथे गोंद थिनरने थोडा पातळ करून, नळी अर्धवट फुगवून कोपरा उघडा ठेवून, बारीक ब्रशने तीन हात दिले. तात्पुरतं काम, ते तसंच धरलं गेलं.

ठिगळं लावल्यावर पूर्ण तीन दिवस बोटीत हवा भरली नाही. दुसऱ्याच सकाळी ‘थोडी भरून बघू’ म्हणणारे बरेच होते. चोवीस तासांच्या आत दाब दिला तर ठिगळ सुटत नाही, किंचित सरकतं, आणि ते सरकणं महिन्याभराने गळती होऊन दिसतं.

पडद्याचा निर्णय

सगळ्यात जास्त वाद इथे झाला. तीन वाटा होत्या.

एक, नळी कापून पडद्यापर्यंत हात घालायचा, सांधा चिकटवायचा आणि काप आतून-बाहेरून पट्टीने बंद करायचा. हे सरावाच्या हाताचं काम आहे. फसलं तर चालू असलेला कप्पाही जातो.

दोन, आत ओतायचं द्रव सीलंट. व्हॉल्व्हमधून ओतून बोट उलटीपालटी करायची, म्हणजे ते पडद्यावर पसरतं. बारीक छिद्रांना ते चालतं. पण सांधा सुटत असेल तर ते फक्त आजची वाट बुजवतं, शिवाय पुढे आतून गोंद लावायची जागा खराब करतं आणि व्हॉल्व्हमध्ये गेलं तर व्हॉल्व्ह जातो.

तीन, यंदा पडद्याला हात लावायचा नाही, पण बोटीचा वापर त्या हिशेबाने कमी करायचा.

मंडळातल्या काहींचं म्हणणं होतं की तिन्ही कप्पे भरलेले असताना पडदा गळला काय आणि न गळला काय, दोन्हीकडे दाब सारखाच. हिशेब म्हणून ते बरोबर होतं. गावातल्या जुन्या नावाड्याने त्यातली मेख दाखवली. “पोरांनो, सगळं भरलेलं असताना कशाला बघताय? उजवी फुटली तर किती उरतंय ते बघा की.” उजवी नळी बाभळीच्या काट्याने किंवा पाण्याखालच्या कुंपणाच्या तारेने फाटली, की नाकही तिच्या मागोमाग जाणार आणि बोट फक्त डाव्या नळीवर राहणार. पडदे असतात ते एका कप्प्याच्या फुटण्यात दुसरा जाऊ नये म्हणून.

तिसरी वाट निवडली, अटी घालून : आठऐवजी चालकासह पाच माणसं, सगळ्यांना जॅकेट, अंधार पडल्यावर बोट नाही, मुख्य प्रवाहात नाही, पंप बोटीतच. पन्नास मिनिटांत नाक निम्म्यावर येतं हा आकडा इथे उपयोगी पडला. बंधाऱ्यामागच्या संथ पाण्यातली फेरी त्याच्या बऱ्याच आत संपते.

निष्पत्ती

तीन दिवसांनी तिन्ही कप्पे फेरीफेरीने २५५ वर नेले आणि या वेळी संध्याकाळ ते संध्याकाळ मोजलं, म्हणजे तापमानाची वजाबाकी करावी लागत नाही. उजवा २४७, नाक २५०, डावा २५२. चोवीस तासांत घट जास्तीत जास्त ३ टक्क्यांच्या आसपास. वापरातल्या बोटीला हे उत्तम. २० टक्क्यांच्या वर गेलं तर काळजी.

त्या पावसाळ्यात पलीकडच्या वस्तीवर औषधं, दूध आणि वैरण नेण्यासाठी बोट वापरली गेली. गार पाण्यात उतरवल्यावर दाब पडायचा, तेव्हा काठावरच दहा मिनिटं थांबून पुन्हा पंप मारायची सवय लागली. ऑगस्टमध्ये एका ठिगळाची कड दोरीच्या घासण्याने उचलली. ते ठिगळ चुकीचं नव्हतं, दोरीची जागा चुकीची होती. दोरी हलवली आणि कड पुन्हा चिकटवली. फळीच्या कोपऱ्यातला झिरपा हंगामाच्या शेवटी परत दिसू लागला.

दिवाळीनंतर बोट गोव्याकडच्या दुरुस्तीवाल्याकडे गेली. नळी उघडल्यावर पडद्याच्या सांध्याची पट्टी चार बोटं लांबीत सुटत आलेली दिसली, आणि तिच्या एका टोकाला सुई जाईल एवढी आरपार वाट. सीलंटने ती वाट बुजली असती आणि पट्टी पुढे सुटत राहिली असती.

वेगळं काय करता आलं असतं

माणसं नेण्याचा निर्णय आमच्या मते सैल होता. पाच माणसांची अट कागदावर ठीक, पण पूर आलेल्या दिवशी काठावर सहावा माणूस उभा असतो आणि त्याला मागे ठेवणं चालकाला जड जातं. पडदा गळका असेपर्यंत बोट फक्त सामानासाठी, दोन्ही काठांना बांधलेल्या दोरावर, असं ठरवायला हवं होतं. माणसांसाठी तालुक्याच्या यंत्रणेची बोट मागवता आली असती.

पडद्याची तपासणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती. एकेक कप्पा एकटा, पूर्ण दाबाच्या खालीच, भरून शेजारी काय होतं ते बघायला दोन-तीन तास लागतात. ती आधी केली असती तर नाकावर साबण घासण्यात दिवस गेला नसता.

आणि मे उशिराचा आहे. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो, त्याआधी वळीव असतातच. गोंदाला हवे असलेले कोरडे दिवस मार्च-एप्रिलमध्ये भरपूर मिळतात आणि दुरुस्तीवाल्याकडेही तेव्हा गर्दी नसते. आता मंडळ होळीनंतरच्या आठवड्यात बोट भरून चोवीस तास मोजतं, आकडे वहीत लिहितं. साठवणही बदलली आहे : बोट धुऊन, पूर्ण वाळवून, घडीऐवजी सैल गुंडाळी करून वखारीच्या तुळईला टांगलेल्या बांबूच्या माचावर ठेवतात, आणि माचाच्या चारही दोरांवर उंदीर उतरू नये म्हणून पत्र्याची उपडी नरसाळी बसवली आहेत.